अकराचं ग्रहण

मला ग्रहणाची वेळ तेवढी विचारू नका बाबांनो! कॉम्प्युटरवर ग्रहतारे फिरवणं हेच माझं संशोधन, म्हणून परवा काशीदला घरी गेलो तेव्हा ऐटीत सांगून टाकलं, “सूर्यग्रहण सकाळी अकराला.” अख्खी आळी पहाटेपासून उपाशी. पोटुशी वहिनीसुद्धा. बारा वाजले तरी सूर्य आपला तसाच लख्ख! लॅपटॉप उघडला आणि घामच फुटला. माझा प्रोग्रॅम ग्रीनिचची वेळ देतो, त्यात आपले साडेपाच तास मिळवायचेच राहिले होते. मान खाली घालून म्हटलं, “आई, ग्रहण साडेचारला आहे गं.”

“कॅलेंडरात तसंच लिवलंय,” आई म्हणाली. “मीच घरोघरी सांगून आले, कॅलेंडर चुकलंय, माझा पोरगा चुकायचा न्हाय.”