पारी वर्गात बोलत नाही

(रोह्याजवळची कातकरी वाडी, दुपार. शाळेतल्या संध्याबाई मैनाच्या दारात बसल्या आहेत.)

संध्याबाई : येते रोज. वेळेवर येते. पण मैनाताई, पारी वर्गात एक शब्द बोलत नाही. मागच्या वर्षी पाढे म्हणायला हिचाच हात आधी वर असायचा.

मैना : घरात पन तसंच हाय बाई. दर्शना गेली तवापासून.

संध्याबाई : मला वाटलं, वीटभट्टीवर चार महिने शाळा बुडाली, मागे पडली असेल. चित्रांची पुस्तकं दिली. पुढे बसवलं, तर पुन्हा मागे जाते. अर्धं बाकडं मोकळं ठेवते.

मैना : बहिनीला जागा ठेवते. पारे, इकडं ये गो. मला सांगितलंस ते सांग बाईंना.

पारी : नाय.

मैना : मग मी सांगते. भट्टीवरून आलो, दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत. दर्शनाचं अंग तापलेलं. ऱ्हा म्हटलं घरी. ऐकली नाय, आज बाई गोष्ट सांगनार म्हने.

संध्याबाई : त्या दिवशी ती बाकावर डोकं टेकून झोपली होती.

मैना : मग तुमी काय बोललात?

संध्याबाई : चार महिन्यांनी आलीस ती झोपायला का, म्हटलं. उभी केली.

मैना : किती वेळ?

संध्याबाई : शाळा सुटेपर्यंत.

मैना : चौथ्या दिवशी पेनच्या दवाखान्यात नेत होतो, कासू गावाच्या पुढं तिचा हात गार पडला. ताप डोक्यात गेलेला. उभं ऱ्हाऊन कोन मरत नाय, मला ठाव हाय. पन ही वर्गात तिच्या बाजूला बसलेली. ताप हाय, येवढं बोलली नाय. तुमाला घाबरली.

संध्याबाई : मी कपाळाला हात लावून बघायला हवं होतं. पारी, चूक माझी आहे. तुझी नाही.

पारी : ती अजून सांगते मला.

संध्याबाई : कोण?

पारी : दर्शना. तुमी हजेरी घेता ना, तवा. बाजूला बसून म्हनते, सांग ना गो बाईंना.

संध्याबाई : मग सांग. मी ऐकतेय.

पारी : बाई, दर्शनाला ताप हाय.

संध्याबाई : बरं. झोपू दे तिला.