भेटीला आलेले पेरू

राजनंदिनी: आत्याबाई, ती पिशवी गाईला न्यायची नाही. ठेवा खाली.

आवडाबाई: अगं सूनबाई, सडायलंय सगळं! फ्रीज उघडला की वास येतोय, ओट्यावर चिलटं झालीत. गाय तरी दुवा दील.

राजनंदिनी: गाईनं कालपण ब्रेडच खाल्लाय. आता ती गेटपाशी बसूनच राहिलीय, हलेना. शेजारचे बोलायलेत.

आवडाबाई: मग काय करू सांग तूच. माणसं यायची थांबनात. जो गावाकडून येतो तो शहागंजात उतरतो, गाड्यावरून केळी घेतो, सफरचंद घेतो, पेरू घेतो, वर एक ब्रेडचा पुडा. आन् ज्याच्यासाठी आणलं त्यो एक फोड तोंडात घालीना. तुझे मामा दवाखान्यातून घरी आल्यापासून वरणाच्या पाण्यावर हायेत.

राजनंदिनी: तेच म्हणायलेय मी. उद्या डॉक्टरकडं दाखवायचंय. ते काय म्हणाले आठवतंय ना? न्यूमोनिया गेला, आता जेवण हेच औषध. वजन आणखी उतरलं तर परत ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागंल.

आवडाबाई: नळीचं नाव काढू नको माझ्यापुढं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला होती ती. बिचारा ती उपटून काढायचा, मग त्याचे हात बांधायचे खाटेला. ह्यांचे हात असे कुणी बांधले तर मी तिथं उभी नाय ऱ्हायची, सांगून ठेवते.

राजनंदिनी: म्हणून तर आज काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. सकाळी काय दिलं तुम्ही?

आवडाबाई: दुधात ब्रेड कुस्करून.

राजनंदिनी: मग?

आवडाबाई: भिंतीकडं तोंड केलं. सफरचंदाच्या फोडी दिल्या तर अशा बघितल्या, जसा काय इचूच ठेवला ताटात. बोलत नाय, सांगत नाय. नुसतं ‘नको’.

राजनंदिनी: अहो, मग ब्रेड अन् फळंच कशाला पुढं करायची सारखी?

आवडाबाई: आजाऱ्याला दुसरं काय देत्यात? समदी दुनिया तेच आणायलीय म्हणल्यावर तेच चांगलं असंल ना?

राजनंदिनी: डॉक्टर म्हणाले काहीपण खाऊ द्या. तिखट जरा हात राखून, बस. आपण रोजचं जेवण करू, घरातल्यासारखं.

आवडाबाई: भाजी काय हाय?

राजनंदिनी: भाजी... नाहीच. ऋतुराज कंपनीतून येताना आणतो म्हणाले. वाळूजहून यायला त्यांना चार तरी वाजतील. कांदे आहेत, कोथिंबीर आहे, अन् हे फळांचं दुकान.

आवडाबाई: ते पेरू दाव बरं इकडं. हां. हे राजकुमारनं आणलेले. बघ, दगड नुसते! माझ्या भाच्याला पेरू निवडता येईना अजून, पोरंबाळं झाली तरी.

राजनंदिनी: टाकायचे?

आवडाबाई: टाकतीस कशाला! भाजीला असाच लागतो, अर्धकच्चा. पेरूची भाजी खाल्ली नाय व्हय कधी?

राजनंदिनी: पेरूची? आम्ही मीठ-तिखट लावून खातो.

आवडाबाई: तू पडली शहरातली, गुलमंडीची. खाली उतरलं की भाजीवाला. आमच्याकडं थंडीत कालवणाला काय नसलं की पेरू. चीर ते, आन् चमच्यानं बिया काढून टाक, म्हाताऱ्याच्या दातात बसायच्या. साल ऱ्हाऊ दे.

राजनंदिनी: असं?

आवडाबाई: जरा मोठ्या फोडी कर. बारीक केल्या तर गाळ होतो. मोहरी, जिरं, हिंग, हळद. दाण्याचं कूट जरा सढळ टाक. गूळ लिंबाएवढा.

राजनंदिनी: अन् मी ह्या ब्रेडचे धपाटे करते.

आवडाबाई: काय करतीस?

राजनंदिनी: धपाटे. सगळं ब्रेडचंच पीठ नाही हो. ह्या कडा अन् वाळलेले तुकडे तव्यावर कडक भाजायचे, मिक्सरला फिरवायचे. तो चुरा ज्वारीच्या पिठात. थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर, ओवा, तीळ.

आवडाबाई: धपाट्यात ब्रेड! आता एवढंच ऱ्हायलं होतं बघायचं.

राजनंदिनी: माझी आई घालते. ब्रेडची चव लागत नाही अन् मऊ राहतात. मामांच्या दाढा किती उरल्यात?

आवडाबाई: तुटतील थापताना.

राजनंदिनी: ओल्या फडक्यावर थापते. तुटले तर मी खाईन. तो बुरशी आलेला पुडा बाजूला ठेवा मात्र. तो गाईलापण नको.

आवडाबाई: बरं बाई. हे सफरचंद बघ, पिठूळ झालेत. दाबलं की बोट आत जातंय.

राजनंदिनी: त्याचं काय करावं?

आवडाबाई: कैरीचा मेथांबा करतो तसं करू. मेथ्या तांबूस होऊ द्यायच्या, फोडी टाकायच्या, गूळ, तिखट. आंबटाला लिंबू पिळ वरून. तोंडाला चव नसली की मेथ्या चांगल्या.

राजनंदिनी: सुचतं तुम्हाला! मग इतके दिवस गाईला का घालत होता?

आवडाबाई: आता काय सांगू. जीव थाऱ्यावर होता का माझा? त्यो माणूस आत भिंतीकडं तोंड करून पडलाय, आन् मी इथं मेथ्या परतू?

राजनंदिनी: बरं बरं, रडू नका, कांदा मी चिरते. केळी राहिली. पार काळी पडलीत.

आवडाबाई: ती ऱ्हाऊ दे. उद्या कणकेत कुस्करून गुलगुले करू. आज तळण नको.

राजनंदिनी: एक गोष्ट ठरवा आत्याबाई. मामांना सांगायचं नाही हे कशाचं आहे.

आवडाबाई: मला खोटं बोलता येत नाय त्यांच्याशी. लगेच कळतं त्यांना.

राजनंदिनी: बोलू नका. विचारलं तर मला हाक मारा.

(आतली खोली. बन्सी पलंगावर, आवडाबाई ताट घेऊन आल्या आहेत.)

बन्सी: कशाचा वास यायलाय?

आवडाबाई: फोडणीचा. उठा, उशीला टेका.

बन्सी: मला नको. तुम्ही जेवा.

आवडाबाई: एक घास खा. नाय आवडला तर ताट उचलते, एक शब्द बोलत नाय.

बन्सी: सकाळी कोण आलं होतं?

आवडाबाई: वच्छलाबाई.

बन्सी: काय आणलं तिनं?

आवडाबाई: आता ते कशाला पायजे? खा.

बन्सी: केळी असतील.

आवडाबाई: धपाटं मोडा. गरम हाय.

बन्सी: हं.

आवडाबाई: कसंय?

बन्सी: मऊ हाय. पोरीनं केलं का?

आवडाबाई: व्हय. भाजी लावून घ्या त्याला.

बन्सी: हे गोड-तिखट काय हाय?

आवडाबाई: मेथांबा.

बन्सी: ह्या दिवसात कैरी कुठून आली?

आवडाबाई: राजनंदिनी! ए राजनंदिनी, ये गं इकडं!

राजनंदिनी: आले, आले. काय मामा, आणखी एक धपाटं देऊ?

बन्सी: थांब जरा. ही भाजी... पेरूय ह्यो.

राजनंदिनी: मामा, ते आपलं...

बन्सी: राजकुमारनं आणले होते, ते ना? बोल की गं आवडे. तुझ्याकडंच बघायलोय मी.

आवडाबाई: व्हय. तेच.

बन्सी: घेऊन जा ताट.

राजनंदिनी: अहो मामा, आत्ता तर चांगलं खात होता!

बन्सी: घेऊन जा म्हणलं ना.

आवडाबाई: का घेऊन जा? आज मला सांगितल्याबिगर ताट हलायचं नाय. दुखतंय का? मळमळतंय? माझा राग आलाय? तोंड उघडा की एकदाचं!

बन्सी: तुला कळायचं नाय.

आवडाबाई: तुमच्या संसारात केस पांढरे झाले, आन् मला कळायचं नाय?

बन्सी: मी फकिराला भेटायला गेलतो तवा काय नेलं होतं?

आवडाबाई: मला काय म्हाईत?

बन्सी: ब्रेडचा पुडा आन् केळी. परत गेलो ते खांदा द्यायलाच. आपल्यात धडधाकट माणसाला कुणी सफरचंद आणतंय का गं? कुणाच्या घरी गेलो तर मी शेंगा नेल्या, उसाची कांडी नेली, हुरडा नेला. फळं कवा नेली? माणूस जायला लागल्यावर. आता माझ्या घरी रोज पिशव्या यायल्यात. दार वाजलं की वाटतं, आलं बोलावणं. समद्यांना ठाऊक झालंय, फक्त मलाच कुणी सांगंना. मला भ्या वाटतं, आवडे. त्या फोडी बघितल्या की घशाखाली उतरतच नाय काय.

आवडाबाई: अरे देवा! म्हणून तोंड शिवून बसलात? मी इकडं देव पाण्यात घालून बसले, आन् तुम्ही तिकडं सफरचंद मोजत बसलात?

राजनंदिनी: आत्याबाई, हळू.

आवडाबाई: हळू काय हळू! अवो, फकिरा दारूनं गेला! तुमच्या केळ्यानं नाय गेला!

बन्सी: कडुबालाबी नेले होते मी सफरचंद.

आवडाबाई: आन् कडुबा? कडुबा मेला का?

बन्सी: नाय. तसा त्यो...

आवडाबाई: दिवाळीला सरपंचाच्या अंगावर धावून गेला त्यो! तुमचे सफरचंद खाऊन!

बन्सी: त्यो चिवटच हाय पहिल्यापासून.

राजनंदिनी: मामा, एक विचारू? डॉक्टरांनी तुम्हाला सोडताना मी तिथंच होते, ऋतुराजपण होते. छाती साफ झाली म्हणाले. फोटो दाखवला आम्हाला. कुणी काही लपवलेलं नाही. लोकांना दुसरं काय आणावं सुचत नाही, म्हणून फळं आणतात हो. मीपण माझ्या काकूला नेली होती, ती रोज भांडायलीय फोनवर.

बन्सी: खरं सांगायलीस का मन राखायलीस?

राजनंदिनी: आत्याबाईंना विचारा. त्यांना खोटं बोलता येत नाही, आत्ताच बघितलंत.

बन्सी: आवडे?

आवडाबाई: छाती साफ हाय. नळी घालायची येळ आली तर ती तुमच्या उपासानं येईल, आजारानं नाय. भ्या वाटतं म्हणता, मला वाटत नसंल व्हय? रातचं उठून बघते मी, श्वास चालू हाय का नाय ते.

बन्सी: रडतीस कशाला?

आवडाबाई: रडंन नाय तर काय करंन? खात नाय तुम्ही.

राजनंदिनी: मामा, तुमच्यासाठी वेगळं काही केलेलं नाही आज. आमच्या ताटात पण हेच आहे. ऋतुराजसाठी पण हेच काढून ठेवलंय. आम्ही पण इथंच बसतो जेवायला.

आवडाबाई: माझं ताट आण गं. कोपऱ्यातली चटईपण आण. जळलेलं धपाटं मला दे.

राजनंदिनी: जळलेलं कुठंय? खरपूस म्हणतात त्याला.

बन्सी: दे, मलाबी एक खरपूस दे. हां... ते ब्रेडचे पुडे कुठं गेले? तिथं टेबलावर थप्पी होती.

राजनंदिनी: तुमच्या हातात आहे की.

बन्सी: काय?

राजनंदिनी: धपाट्यात आहे ब्रेड. दुसरं धपाटं खायलात तुम्ही.

बन्सी: ह्यात ब्रेड हाय? आन् कैरी म्हणून सफरचंद घातलं असंल. बेणी हायेत दोघीबी. एकीला झाकावं आन् दुसरीला काढावं.

आवडाबाई: शिव्या द्या, पण खा.

बन्सी: खायलोय की. पेरूत कूट कमी पडलं जरा.

आवडाबाई: कूट चांगलं मूठभर घातलंय. जीभ आणखी जाग्यावर आली नाय तुमची.

राजनंदिनी: थांबा, फोन वाजायलाय. हॅलो... हां, काका, बोला. घरीच आहेत, जेवायलेत. हो, खरंच जेवायलेत! थांबा हं जरा... मामा, साहेबराव काका आहेत. शहागंजात उतरलेत, फळाच्या गाड्यापाशी उभे आहेत. काय आणू म्हणून विचारायलेत.

आवडाबाई: काय आणू नको म्हणावं! हात जोडते बाई त्याला!

बन्सी: थांब गं. राजनंदिनी, सांग त्याला, पेरू आण म्हणावं किलोभर. कच्चे बघून घे, भाजीला पायजेत.