फेटा उतरवा सर, हेल्मेट घाला

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शाळा समितीचे आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख साहेब, आजचे सत्कारमूर्ती मोहियोद्दीन सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी अनवरीभाभी, माझे सहकारी, गावकरी मंडळी आणि मागं खिडकीत चढून बसलेले विद्यार्थी. तुम्ही आधी खाली उतरा, पडाल. हां. तर सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांचं गणित, सरांची शिस्त, सरांचा वक्तशीरपणा, सगळं सांगून टाकलं. मला काही शिल्लकच ठेवलं नाही. ठीक आहे. मी फक्त हेल्मेट आणि इंजिन ऑइल यांच्याबद्दल बोलते. अध्यक्ष महाराज हसले. हसा. पण या शाळेतली माझी नोकरी या दोन वस्तूंमुळं टिकली, आणि त्या दोन्ही निवडायला मला सरांनी शिकवलं. शेवटी सरांकडं एक मागणंही आहे. ते मी सगळ्यांसमोर मागणार आहे, कारण एकटीनं मागितलं तर सर नाही म्हणतील याची मला खात्री आहे.

नव्या शिक्षकांना सांगते. पूर्वीपासून या शाळेचा निम्मा स्टाफ शहरातून अप-डाऊन करणारा. सकाळी नगर नाक्यावर गाड्या जमायच्या, सगळे आले की निघायचं, लासूरजवळ चहा घ्यायचा आणि परिपाठाच्या आधी शाळेत पोचायचं. सर सगळ्यांत पुढं असायचे. मी तेव्हा आमच्या ह्यांच्या मागं बसायचे. ह्यांची शाळा पुढच्या गावात, मला इथं सोडून ते पुढं जायचे. आणि आमच्याकडं हेल्मेट कसं वापरायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते चौकात पोलीस दिसला की डोक्यावर जायचं, चौक ओलांडला की माझ्या मांडीवर यायचं. येताना त्यात मेथीची जुडी असायची. खोटं कशाला बोलू, भाजी न्यायला त्याच्यासारखी दुसरी सोय नव्हती.

एकदा चहाच्या टपरीवर सरांनी ते बघितलं. सर आधी कधी माझ्याशी कामाशिवाय बोललेले नव्हते. ते ह्यांना काही म्हणाले नाहीत, मलाच म्हणाले, "बाई, मांडी फुटत नाय. डोस्कं फुटतं. आणि मागं बसणाऱ्याला काय डोस्कं नसतं का?"

मला राग आला. परक्या माणसानं नवऱ्यासमोर असं बोलावं? पण रस्ताभर ते वाक्य काही मनातून जाईना. खरंच, आमच्या घरात हेल्मेट कुणाचं, तर चालवणाऱ्याचं. मागं बसलेली बाई म्हणजे नुसतं सामान धरणारी. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. आपण सगळ्यांनी मिळून.

पुढं ह्यांची बदली सोयगावला झाली. ते तिकडंच खोली करून राहिले, शनिवारी एसटीनं यायचे. माझी पंचाईत झाली. सकाळची बस मिळाली तर मिळाली, नाहीतर परिपाठ संपल्यावर मी मान खाली घालून वर्गात शिरायचे. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी दोनदा समजावलं आणि मग स्पष्ट सांगितलं की असं चालणार नाही. घरात बोलणी सुरू झाली की नोकरी सोडावी. सगळ्यांना ते सोपं वाटत होतं. मला रडू यायचं. ह्यांची मोटारसायकल दारात उभी होती, आणि मी दारातच बसून होते.

सरांना कुणी सांगितलं माहीत नाही. एका रविवारी ते अनवरीभाभींना घेऊन घरी आले. माझे सासरे तात्यासाहेब ओसरीत बसलेले. सरांनी त्यांना आधी पिकापाण्याचं विचारलं, चहा घेतला, आणि मग म्हणाले की सुनेला गाडी शिकवायची आहे, तुमची परवानगी असेल तर अनवरी सोबत येईल. तात्यासाहेबांनी बराच वेळ मिशीवर हात फिरवला. म्हणाले, "सून चालवील. पण गाडीचं तेलपाणी मी बघणार. त्यात कुणी पडायचं नाय."

मग शेंद्र्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर माझं शिक्षण झालं. गाडी चालवणं महिन्याभरात जमलं. हेल्मेटचं मात्र मी माझ्या अकलेनं केलं. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली असतात ना, त्यातलं सगळ्यांत मोठं घेतलं, कारण माझा अंबाडा आत मावला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नाक्यावर सर म्हणाले, मान हलवा. मी हलवली. मी पुढं बघत होते आणि हेल्मेट दुकानांकडं बघत होतं. सगळा नाका हसला.

संध्याकाळी सर आणि भाभी मला औरंगपुऱ्यातल्या दुकानात घेऊन गेले. तिथं भाभींनी सगळ्यांदेखत माझा अंबाडा सोडला आणि मानेवर सैल वेणी घातली. सर म्हणाले, हेल्मेट डोक्याच्या मापाचं घ्यायचं, केसांच्या मापाचं नाही. रंग शेवटी बघायचा. आधी आयएसआयचा शिक्का, मग पट्टा, मग गाल. गाल चांगले धरले गेले पाहिजेत, पण कपाळ दुखता कामा नये. मला ते घालून त्यांनी दुकानातच बसवून ठेवलं, चहा मागवला आणि गप्पा मारत बसले. दुकानदार कंटाळला. दोन हेल्मेटं कपाळाला टोचली म्हणून परत केली. तिसरं घेतलं.

आता तेलाचं. तात्यासाहेबांची हयात जुन्या स्कूटरवर गेली होती. त्या स्कूटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागायचं. त्यांना वाटलं, गाडी म्हणजे गाडी. ते माझी मोटारसायकल स्वतः पंपावर न्यायचे आणि मोठ्या मायेनं टाकीत तेल ओतून आणायचे. आणि पेट्रोलमध्ये तेल जातंच आहे म्हटल्यावर इंजिनातलं तेल कशाला बदलायचं? ते कुणी बदललंच नाही. माझ्या मागून इतका धूर निघायचा की सहकारी मंडळी मला पुढं जाऊ द्यायला घाबरायची.

एक दिवस इंजिन खडखडायला लागलं. सरांनी ऐकलं, हात दाखवून सगळ्यांना थांबवलं. गाडी सपाटीला डबल स्टँडवर घेतली, इंजिनातलं तेल मोजायची कांडी ओढली. टोकाला काळा चिकटा, बाकी कांडी कोरडी. सरांनी गाडी ओढत गॅरेजला नेली, आणि संध्याकाळी तात्यासाहेबांकडं गेले. तिथं काय झालं असेल? मला वाटलं, आता सासऱ्यांचा अपमान होणार आणि माझी गाडी बंद होणार. पण सर त्यांना म्हणाले की तात्या, नव्या गाड्यांनी पद्धत बदललीय, पेट्रोल वेगळं आणि इंजिनचं तेल वेगळं. मला दुकानात तेल निवडायला तुमची सोबत पाहिजे.

आणि नेलं हो. दुकानदार जीपसाठीचं भारी तेल पुढं करत होता. सर म्हणाले, भारी आहे म्हणून आपलं नाही. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, हे घातलं तर तो घसरंल. कंपनीच्या पुस्तकात जो नंबर दिला आहे तोच बाटलीवर बघायचा. तात्यासाहेबांनी चष्मा लावून नंबर जुळवला. त्यानंतर ते जाईपर्यंत माझ्या गाडीची कांडी दर रविवारी त्यांनीच पुसली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

हे माझ्या हातात आहे ते दुकानातलं तिसरं हेल्मेट. ही डावी बाजू बघा, घासून पांढरी झालीय, इथं तडा आहे. रस्त्याचं काम चालू असताना खडीवर गाडी घसरली. मी उठून उभी राहिले, म्हणून आज बोलते आहे. सरांनी तिथंच हे माझ्या डोक्यावरून उतरवलं. म्हणाले, एकदा जोरात आपटलं की याचं काम संपलं, याला आता डोक्यावर घ्यायचं नाही. घरी जाऊन मी हे उराशी धरून रडले. नोकरी वाचली होती, जीवही वाचला होता.

आता मागणं.

गेल्या काही महिन्यांपासून सर बसनं येतात. आपण विचारलं तर म्हणायचे, गाडी कामाला दिलीय. सर, मला भाभींनी सगळं सांगितलंय. त्यांच्यावर रागावू नका. तुमच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, बाजूचं दिसत नाही, डॉक्टरांनी गाडी बंद केली आहे. हे वाईट आहे, फार वाईट आहे, मी उगाच गोड शब्द वापरत नाही. पण त्याहून वाईट हे, की तुम्ही फारूखच्या मागंसुद्धा बसत नाही. मुलानं कितीदा म्हटलं, अब्बा चला. तुम्ही म्हणता, मी कधी कुणाच्या मागं बसलो नाय. शुक्रवारी मशिदीत जाता, तेवढंच. बाकी शाळेतून घरी गेलात की खुर्चीत. लासूरचा चहावाला आम्हाला विचारतो, सर कुठंयत. काय सांगू त्याला?

बाहेर गावकऱ्यांनी फुलं लावलेली जीप उभी केली आहे. त्यांच्या प्रेमाचा मान राखून सांगते, त्या जीपमध्ये भाभी बसतील, हार-तुरे बसतील. तुम्ही माझ्या मागं बसायचं. नाक्यापर्यंत सगळ्या गाड्या सोबत असतील, आणि पुढं मी असेन. उद्यापासून कधी फारूख, कधी आम्ही कुणीतरी. चहा लासूरला.

सर मान हलवताहेत. हलवा. पण ती हेल्मेट घालून हलवा, नीट बसलंय का ते कळंल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, संयोजकांनी मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिला, त्याबद्दल आभार. वयानं आणि ज्ञानानं मोठ्या माणसाकडं मी भर सभेत हट्ट धरला, त्यात काही कमी-जास्त बोलले असेन तर लेकीचं बोलणं समजून पदरात घ्यावं.

सर, तुमचं हेल्मेट भाभींनी घरून आणलंय, ते मी इथं टेबलावर ठेवते. हा फेटा मोठा सुंदर बांधलाय, पण माझा अंबाडा तुम्ही सोडायला लावला होता, तसा तो आता उतरवावा लागंल. गाडीचं तेल मी सकाळीच बघितलंय. आणि हे हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचं नाय. मागं बसणाऱ्यालाबी डोस्कं असतं.