पंखा चुकलाय!

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? धक्क्यावर पाय ठेवला रे ठेवला की जाळं शिवणारा म्हातारा सुई हवेत थांबवून म्हणतो, "पंखा चुकलाय!" अहो, कसा आहेस, जेवलास का, काही विचारशील? नाही! पंखा चुकलाय!

छतावरचा नव्हे हो. बोटीचा. छोट्या बोटीच्या मागे इंजिन लटकतं ना, त्याच्या बुडाला पाण्यात जो फिरतो, तो पंखा. आणि माझी बोट म्हणजे काय, जाळं आणि बर्फाची पेटी ठेवली की माणसं मावत नाहीत, माणसं कोंबली की पेटी मावत नाही. त्या बोटीचा जुना पंखा खडकावर आपटला आणि एक पातं गेलं. मी हळहळलो. सासरे नाही हळहळले. सासऱ्यांचा चेहरा खुलला!

कारण तुम्हाला सांगतो, सासऱ्यांचं बादल्यांचं दुकान. लाल बादली, निळी बादली, झाकणाची बादली, बिनझाकणाची बादली. लग्न झाल्यापासून त्यांचा एकच धोशा, "जावईबापू, पाण्यात काय ठेवलंय? दुकानात या. झाकणं जुळवायला विश्वासाचा माणूस नाही." झाकणं! म्हणजे गल्ल्यावरसुद्धा नाही, झाकणांवर! आता पातं तुटल्यावर त्यांनी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हंगाम सुरू होईपर्यंत बोट नीट पळाली तर तुमची. नाहीतर विकायची आणि दुकानात यायचं." मी हो म्हणालो. मला वाटलं, पंखाच तर घ्यायचाय!

गेलो मेकॅनिककडे. तो इंजिनात डोकं घालूनच बोलतो, त्याचा चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. आतून आवाज आला, "पिच किती?"

म्हटलं, "कसली?"

"पंख्याची. एका फेरीत पंखा बोटीला किती पुढे ढकलणार, ती पिच. जास्त घेतलीस तर इंजिन धापा टाकणार. कमी घेतलीस तर नुसतं बोंबलणार, बोट रांगणार."

"मग बरोबर कुठली?"

"वजनावर आहे. रोज बोटीत जेवढं वजन असतं तेवढं भरून ये. इंजिन फुल सोडून बघू. इंजिन जिथवर फिरायला हवं तिथवर फिरलं, की तो पंखा तुझा."

किती सोपं! रोज असतं तेवढं वजन. जाळं, बर्फ, मी. बास. पण मी काय केलं? घरी सांगितलं. अहो, घरी कशाला सांगायचं असतं काही!

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन बघतो तर बोटीत अख्खं घर! मेहुणा मधोमध मांडी ठोकून, "भावोजी, वजनच पाहिजे ना? मग मी असताना पोती कशाला?" आणि खरंच, त्याच्यासमोर पोती म्हणजे उशा. आत्येसासूबाई लोखंडी खुर्ची घेऊन आलेल्या, कारण फळीवर बसलं की त्यांची कंबर धरते. बायको पुढे टोकाला. आणि सासरे बादल्यांची उतरंड घेऊन... "पाणी आत आलं तर उपसायला नकोत?" पाण्याला आत यायला जागाच कुठे होती!

मी जाळं हातात धरून उभा. धीर करून म्हणालो, "अहो मामा, रोज कुठे तुम्ही सगळे बोटीत असता?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आम्ही नको?"

आता द्या उत्तर! समोर बायको. नुसती बघत होती. तुमची लग्नं झालीयेत, तुम्हाला कळेल. मी म्हणालो, "छे हो! तुम्ही तर रोज हवेत!"

...त्या एका वाक्यावर पंखा ठरला, तुम्हाला सांगतो.

पहिला पंखा लावला. इंजिन असं कण्हलं की आत्येसासूबाई म्हणाल्या, "याला दमा आहे." काढला. दुसरा लावला. बोट हलली, पण मनाविरुद्ध. मग मेकॅनिकने सगळ्यात कमी पिचचा लावला आणि... काय सुटली बोट! मेहुण्यासकट, खुर्चीसकट, बादल्यांसकट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या हो, गाढवासारख्या! तस्साच नवा विकत घेतला, तेव्हा पंख्यांचा दुकानदार म्हणाला, "पाण्यात फिरलेला पंखा परत घेत नाही." म्हटलं, परत कशाला करतोय?

हंगामाचा पहिला दिवस. जाळं, बर्फ, मी. फुल सोडलं. इंजिन असं किंचाळलं की धक्क्यावरच्या मांजरी पळाल्या. आणि बोट? रांगतेय! थोडं जास्त फिरवलं की इंजिन स्वतःला जपायला आपोआप दम धरतं, मग बोट डुलकी काढते, मग परत किंचाळणं. माझ्या शेजारून सगळ्या बोटी गेल्या आणि प्रत्येक बोटीतून तेच, "पंखा चुकलाय!" मी पोचेपर्यंत मासे संपलेले. मासे काय, लाटासुद्धा परत चाललेल्या!

मेकॅनिककडे गेलो. इंजिनातून आवाज, "पंखा बरोबर आहे. बोट रिकामी आहे. मासे भर, पळेल."

"अरे, पळाली तर मासे भरीन ना!"

"मग वाळू भर."

भरली. पोती रचली. बोट पळाली, अगदी वेळेवर पोचलो, आणि जाळं वर ओढल्यावर लक्षात आलं... मासे ठेवू कुठे? सकाळी वाळू घेऊन गेलो, संध्याकाळी वाळू घेऊन आलो. म्हातारा सुई थांबवून म्हणाला, "आज वाळू चांगली मिळाली!"

घरी आलो, मान खाली. वाटलं, आता सासरे झाकणं काढणार. पण ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच म्हणालात ना, आम्ही रोज हवेत?"

तेव्हापासून रोज सकाळी निघतो. मधोमध मेहुणा. खुर्चीत आत्येसासूबाई. टोकाला बायको. बादल्यांसह सासरे. काय पळते बोट! अख्ख्या धक्क्यात पहिली! फक्त जाळं न्यायला जागा नाही. मग नुसते पोचतो आणि बसतो. मागून इतर बोटी येतात, त्यांना मासे मिळतात, पेट्या भरून उरतात, आणि उरलेले मासे ठेवायला त्यांना काय लागतं?

...बरोबर.

सासरे उभं राहून पुकारतात, "बादलीऽऽये! झाकणाची, बिनझाकणाची!" मेहुणा फेकतो, आत्येसासूबाई घासाघीस करतात, बायको सुटे देते. दुकान बंद केलं त्यांनी, म्हणे इथे धंदा जास्त. आणि बोट? ती माझीच राहिली. शर्तच होती ना, नीट पळाली तर माझी. शब्दाचा पक्का आहे माणूस.

कालच तो म्हातारा मला बघून सुई खाली ठेवून उठला. म्हणाला, "आता बसला हां पंखा बरोबर!" माझे डोळे भरून आले हो. मग तो जवळ आला, हळूच म्हणाला, "निळ्या बादलीचं झाकण आहे का?"

...आहे. मीच जुळवतो.