माहिती आढळली नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजच्या प्रमुख पाहुण्या निवृत्त न्यायाधीश बाई, गेली आठ वर्षं माझी कुरकुर निमूटपणे ऐकून घेणारे आमच्या संशोधन कक्षाचे प्रमुख, म्हणजे साहेब, निर्णय विभागातले अधिकारी, दुभाषी मंडळी, आवक-जावकच्या मावशी, कपाटं पुसणाऱ्यांपासून फायली वाहणाऱ्यांपर्यंत माझे सगळे सहकारी, आणि दुसऱ्या रांगेत बसून "थोडक्यात आटप" अशी खूण करणारे आमचे हे,

तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलता येत नाही, असं म्हणून भाषण सुरू करायची पद्धत आहे. मला बोलता येतं, पण खरं सांगते, आज बोलायचं जिवावर आलंय. सव्वीस वर्षं एका खुर्चीवर बसून वाचलं. माणूस चालून दमला तर पाय चेपून घेता येतात. वाचून दमलेल्याने काय चेपून घ्यायचं? आणि वाचलं ते काय, तर कुठल्या देशात कुठल्या बाईला कुणी कसं मारलं. संध्याकाळी घरी गेले की हे विचारायचे, "आज काय वाचलंस?" मी म्हणायची, "काही नाही." मग यांनी विचारायचंच सोडून दिलं. त्यात त्यांचा काही दोष नाही.

पाहुण्या बाहेरच्या आहेत, म्हणून आमचं काम दोन शब्दांत सांगते. एखादी बाई आपला देश सोडून इथे येते आणि म्हणते, परत गेले तर मला मारतील, आसरा द्या. तिचा अर्ज निर्णय अधिकाऱ्यांकडे जातो. त्यांना प्रश्न पडतो, हिच्या मुलखात खरंच असं होतं का? पोलीस मदत करतात का? तो प्रश्न कागदावर आमच्या कक्षात येतो. आम्ही दहा दिवस वर्तमानपत्रं, अहवाल, निकालपत्रं धुंडाळतो आणि उत्तर लिहितो. अर्ज करणाऱ्या बाईला आम्ही कधीच भेटत नाही. भेटायचंच नाही, असा नियम आहे, नाहीतर दया येईल आणि उत्तर वाकडं होईल. आमच्यासाठी बाई म्हणजे एक क्रमांक.

आता राजकारणापायी पळालेल्या पुरुषाचं एक बरं असतं. त्याच्या नावाचं वॉरंट असतं, सभेतला फोटो असतो, पेपरात चार ओळी आलेल्या असतात. दीर मारतो, याचा कागद कोण देतं हो? सासऱ्याने कोंडून ठेवलं, त्याची बातमी कुठे छापून येते? त्यामुळे बायकांच्या अर्जांमध्ये दहा दिवस शोधूनही पुष्कळदा हाती काही लागत नाही. मी नवीन होते तेव्हा अशा वेळी जो तो आपापल्या परीने काहीबाही लिहायचा, अर्धं पान, एक पान. मग मी एक ओळ बसवली. "उपलब्ध स्रोतांमध्ये या संदर्भात माहिती आढळली नाही." सगळ्यांना आवडली. नेमकी, स्वच्छ, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. हळूहळू कक्षात तिला 'बाईंची ओळ' म्हणू लागले. नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे, काही सापडलं नाही ना, मग बाईंची ओळ टाक आणि मोकळी हो.

अध्यक्षांनी आत्ताच त्या ओळीचं कौतुक केलं. आणि माझ्या सहकाऱ्यांनी तीच ओळ सुंदर अक्षरात लिहून, चौकटीत बसवून मला भेट दिली आहे. मघाशी तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. पण ही चौकट मी सकाळीच पाहिली होती. मावशींच्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवली होती, एक कोपरा उघडा राहिला होता. मी वाचलं आणि तिथेच मावशींच्या खुर्चीवर बसले. मावशी म्हणाल्या, "बाई, पाणी देऊ का?" मला पाणी नको होतं.

का, ते सांगते. थोडं लांबेल. यांनी खुणा केल्या तरी लांबेल.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक प्रश्न आला होता. एका डोंगराळ खोऱ्यातली सत्तावीस वर्षांची विधवा. नवरा आजारात गेला. वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी ठरवलं की हिने थोरल्या दिराच्या घरात राहायचं, त्याची होऊन. हिला ते नको होतं. तिच्या आधी तिच्या विधवा जावेनेही असंच नाही म्हटलं होतं, आणि ती जाऊ एका सकाळी विहिरीत सापडली. पाय घसरला, असं गावाने ठरवलं. ही दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन निघाली ती इथे पोचली. निर्णय अधिकाऱ्यांचा प्रश्न साधा होता. त्या खोऱ्यात नकार देणाऱ्या विधवांना मारतात का?

मी शोधलं. टाळाटाळ केली नाही, हे माझ्या बाजूने सांगते. पेपर पाहिले, पोलिसांचे आकडे पाहिले, कोर्टाचे निकाल पाहिले. एकही गुन्हा नाही, एकही खटला नाही. दहाव्या दिवशी माझी ओळ टाकली, सही केली आणि पुढची फाइल उघडली.

निकालात काय आलं असेल? "संशोधन कक्षाच्या अहवालानुसार त्या भागात असे प्रकार घडत नाहीत." माझं 'आढळली नाही' होतं, त्यांचं 'घडत नाहीत' झालं. अर्ज फेटाळला. तिने अपील केलं, तेही फेटाळलं. निर्णय अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे रोज सात सुनावण्या असतात, त्यांना हो की नाही एवढंच हवं असतं. आणि माझी ओळ वाचून माणूस दुसरं काय समजणार? मला हे कळत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षांत एकदा तरी कळलंच असेल. पण कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी जिन्याजवळ चहा पिताना आपल्या एका दुभाषी मुलीने तो विषय काढला. ती त्याच खोऱ्याच्या अलीकडच्या गावची. तिने नाव सांगितलं नाही, क्रमांक सांगितला नाही. फक्त म्हणाली, "बाई, त्या बाईचा शेवटचा फेरविचार अर्ज लागलाय. दर वेळी तिच्यापुढे तुमची ओळ वाचतात. मला तिच्या भाषेत ती सांगावी लागते."

मी म्हटलं, "अगं, मी सगळं पाहिलं होतं. पोलिसात एक तक्रार नाही."

"पोलिसात कोण जाणार?" ती म्हणाली. "चौकीत बसलेलाही कुणाचा तरी दीरच असतो. तुम्ही दवाखान्यात पाहिलंत का?"

"दवाखान्यात काय असणार?"

"विहिरीतून काढलेल्यांना कुठे नेतात, बाई?"

एवढं बोलून ती कप विसळायला गेली. मी जागेवर आले. आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या संगणकाचा पडदा खाली यायचा, मान दुखायची, म्हणून मी त्याच्याखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवली होती. त्यातलं वरून दुसरं म्हणजे ते खोरं ज्या जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचा वार्षिक अहवाल. तो त्या प्रश्नाच्याही आधी कधीतरी टपालाने आला होता, मी चाळलाही नव्हता. आजारांच्या आकड्यांशी आमचा काय संबंध? मी पडदा उचलला, पुस्तक काढलं, धूळ झटकली. शेवटून तिसऱ्या पानावर तक्ता होता. विहिरीत पडून अपघाती मृत्यू, पुरुष तीन, स्त्रिया एकेचाळीस.

म्हटलं, पाणी बायकाच भरतात, त्यांचेच पाय घसरणार. मीही आधी हेच म्हणून पाहिलं, कारण सवय वाईट. पण मग म्हाताऱ्या का घसरत नाहीत? पोरीसोरी का नाहीत? पुढच्या रकान्यात वय होतं, जवळजवळ सगळ्या अठरा ते पस्तीस. त्याच्या पुढच्या रकान्यात विवाहित, अविवाहित, विधवा. एकेचाळीसपैकी एकोणतीस विधवा. खाली तुलनेसाठी शेजारचा जिल्हा दिला होता, तिथे विहिरी दुप्पट आणि बुडालेल्या बायका सगळ्या मिळून पाच.

चार वर्षं हे पान माझ्या नाकासमोर होतं. त्याच्यावर पडदा ठेवून, त्या पडद्यावर मी टाइप केलं की माहिती आढळली नाही.

मी साहेबांकडे गेले. आपल्याकडे 'उत्तर मागे घेण्याचा नमुना' म्हणून एक फॉर्म आहे. ज्याने उत्तर लिहिलं त्यानेच तो भरायचा, आणि नोकरीत असेपर्यंतच. या कक्षाच्या इतिहासात तो कुणी भरलेला नाही. मी निवृत्त झाले की ते उत्तर कायमचं तसंच राहणार.

साहेब म्हणाले, "बाई, तीन आठवडे राहिलेत तुमचे. आता शेवटी कशाला डोक्याला ताप करून घेता? आणि एक उत्तर मागे घेतलं, तर ती ओळ असलेली सगळी उत्तरं लोक उकरून काढतील."

मी विचारलं, "किती असतील?"

"मोजलीत कोणी?"

मी मोजली आहेत. तीनशे बारा.

साहेब आत्ता पाणी पिताहेत. पिऊ द्या. ते वाईट माणूस नाहीत. माझी आई आजारी होती तेव्हा माझ्या अर्ध्या फायली त्यांनी स्वतः लिहिल्या. त्यांना कक्षाची काळजी आहे. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी नको म्हटल्यावर मलाही बरं वाटलं. चला, साहेबच नाही म्हणाले, आपली सुटका झाली. तीन आठवडे मी तो फॉर्म पिशवीत घालून घरी नेला आणि परत आणला. घडी पडून पडून मधोमध फाटायला आला होता. मनात म्हणायची, मी दमलेय, आता दुसरं कुणीतरी बघेल. पण दुसऱ्या कुणाला ते बघायची परवानगीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आज सकाळी ही चौकट पाहिली आणि वाटलं, ही ओळ आता माझ्या दिवाणखान्यात येणार. पाहुणे वाचणार. हे रोज चहा पिताना समोर पाहणार आणि मला पुन्हा कधी विचारणार, "काय होतं गं तुझं काम?" तेव्हा मी काय म्हणू?

चार वाजता मी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मी चुकीच्या ठिकाणी शोधलं, आणि कुठे शोधलं ते लिहिलं नाही." तक्त्याची प्रत जोडली. मावशींनी शिक्का मारला, वेळ घातली आणि म्हणाल्या, "हा कागद मी पहिल्यांदाच बघतेय." म्हटलं, मीसुद्धा. साडेचारला फाइल निर्णय विभागात गेली. साहेबांना मी आधी सांगितलं नाही, भर सभेत सांगतेय. हे त्यांच्याशी नीट वागणं झालं नाही, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आधी सांगितलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती आणि माझी समजूत पटली असती. मी ओळखते मला.

सुनावणी परवा आहे. काय होईल, मला माहीत नाही. कदाचित तक्ता पुरणार नाही. कदाचित कुणी म्हणेल, विहिरींना कठडे नसतील. तिची मुलगी आता सहा वर्षांची आहे, इथल्या शाळेत जाते, एवढं फाइलीत आहे. परवाही अर्ज फेटाळला तर दोघींना त्याच घरी परत जावं लागेल, त्याच विहिरीचं पाणी भरायला. याहून जास्त मला सांगता येत नाही.

माझ्या जागेवर जी मुलगी येईल तिला एकच मागणं. काही सापडलं नाही तर माझी ओळ टाकू नकोस. कुठे कुठे शोधलंस, कुठे शोधायचं राहिलं, आणि तिथली बाई ओरडली तर ते कुणाच्या कानावर जाईल, हे लिही. पान भरलं तरी चालेल. आणि साहेब, ती तीनशे बारा उत्तरं काढा. रागाने नाही सांगत. मला उद्यापासून सवडच सवड आहे, घरून येऊन बसेन, एकेक वाचेन. दमलेय हे खरं, पण घरी बसून ती दमणूक उतरेल असं काही वाटत नाही.

चौकट मी घरी नेणार नाही. रागावू नका, अक्षर फार सुरेख आहे. ती कक्षातच लावा, नव्या मुलीच्या समोरच्या भिंतीवर.

आता खरंच आटपते. अध्यक्ष महोदय, पाहुण्या बाई, तुम्ही वेळ काढून आलात, मी आभारी आहे. साहेब, तुमचे सगळ्यात जास्त. त्या दुभाषी मुलीचे आभार मी तिला शोधून मानेन, इथे तिच्याकडे कुणी वळून बघायला नको. मावशी, सव्वीस वर्षांच्या चहाचे. आणि यांचे, घरी 'काही नाही' ऐकून घेतल्याबद्दल.

अर्जदाराला भेटायचं नाही, हा नियम नोकरीत असलेल्यांसाठी आहे. मी पुन्हा वाचून पाहिला. परवा मी नोकरीत नसेन, सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली असेन. बोलण्याच्या ओघात आज काही कमी-जास्त झालं असेल, कुणी दुखावलं असेल, तर ती चूक तुम्ही पोटात घाला. लिहिण्यातली चूक पोटात घालायची की नाही, ते मी परवा तिला विचारणार आहे.