चेटकिणीवर चिठ्ठी

…अन् म्हणे पुस्तकानं धर्म बुडते. तुमाले सांगतो, मी आपला गावच्या वाचनालयाचा चिटणीस, म्हणजे झाडू मीच मारतो, कंदील मीच पुसतो अन् बोलणीही मीच खातो. नवीन राज्य झालं, जिल्हा परिषद झाली, वरून पुस्तकायची पेटी आली. नांदुऱ्यापासून मोटरीत मांडीवर धरून आणली मी, म्हणलं पोट्टे वाचतील, शहाणे होतील. पोट्ट्यायनं पेटीतून काय काढलं? 'चेटकिणीचं सूप'. एक पोरगी रानात जाते, तिले चेटकीण भेटते, चेटकीण मंतर म्हणते, नाठाळ पोराची बकरी करते, अन् मंग दोघी सुपात बसून आभाळात. बस, एवढंच. पण इतक्या हातातून गेलं थे पुस्तक, का त्याची शिवण उसवली.

तं एका सकाळी उकंडराव आले. भजनी मंडळाचे बुवा. वाचनालयाची खोलीही त्यायचीच, फुकट देल्ली हाय, म्हणून त्यायच्यापुढं आपला आवाज चढत नाई. आल्या आल्या टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणे, "पंजाबराव, माही नात रुखमी काल दिवेलागणीले अंगणात सुपात बसली. आजीनं म्हणलं, शुभंकरोती म्हण. तं म्हणते, थांब आजी, पयले मंतर म्हणते, एक चक्कर मारून येते."

मी हसलो. हसाले नोको होतं.

"हसता काय? ज्या सुपात आपण लक्ष्मी पाखडतो, त्यात तुमच्या पुस्तकानं चेटकीण बसवली. धर्म बुडते अशानं. पेटी परत करा, नाई तं खोली रिकामी करा."

म्हणलं, "बुवा, तुमी वाचलं का थे?"

"वाचू कायले? पापाची चव घेऊन पाहतात का?"

खोली गेली तं वाचनालय गेलं, अन् गावात दुसरी खोली कोण देते? मारोतीच्या पारावर बैठक बसली. सरपंच भगवंतराव म्हणे, पुस्तक सरकारी हाय, फाडता येत नाई, परत केलं तं पुढची पेटी येत नाई, "पंजाबराव, तुमी चेटकीण तेवढी काढून टाका."

"काढू कुठून? पानोपानी बसेल हाय."

बुवा म्हणे, "मंग तिच्यावर चिठ्ठी लावा."

झालं, ठरलं. कणकेची खळ शिजवली अन् बसलो. चेटकीण दिसली का वर 'मावशी'. मंतर दिसला का वर 'राम राम'. बोटं चिकट, चष्मा चिकट, बायको म्हणे कणीक पोळ्यायले तं उरू द्या… पण धर्म वाचवाचा ना आपल्याले.

आठवडा गेला नाई का बुवा पुन्हा हजर. "पंजाबराव, तुमची मावशी 'राम राम' म्हणते अन् पोराची बकरी होते? देवाच्या नावानं बकरी?"

"बुवा, चिठ्ठ्या तुमीच सांगतल्या."

"चिठ्ठ्या सांगतल्या, देव नाई सांगतला."

खरं हाय. लावली चिठ्ठीवर चिठ्ठी, 'बरं हाय.' आता ती बाई "बरं हाय" म्हणते अन् आभाळात जाते. वाचणाऱ्याले वाटते रागावून माहेरी गेली.

तेवढ्यावर भागलं असतं तं मी कायले बोललो असतो? आमच्या गावात तानुबाई हाय, एकटी रायते, सारं गाव तिले मावशी म्हणते. बोरं वाळवून ठेवते, पोट्टे आले का मुठी भरून देते. ती वाचनालयाच्या उंबऱ्यावर येऊन बसली. भांडली नाई. म्हणे, "पंजाबा, लेकरं माह्या दारात येईनात. लहानी गीती मले पाहून रडत पळाली, म्हणे मावशी बकरी करते. मी कोनाचं काय केलं रे बाबा?" बुढीच्या डोळ्यात पाणी. धर्म बुडू नये म्हणून चिठ्ठी लावली, अन् बुढीचं दार ओस पडलं.

मी रुखमीले गाठलं, म्हणलं, बाई, पुस्तकातली मावशी थे आपली मावशी नाई, सांग त्यायले. तं थे पोट्टी म्हणते कशी, "मले माहीत हाय काका. खाली चेटकीण हाय."

"तुले कोनं सांगतलं?"

"उन्हात धरलं का दिसते."

म्हणजे पाहा. मी इकडे खळ शिजवून राह्यलो, अन् मोठे पोट्टे तिकडे पानं उन्हात धरून राह्यले. जे कधी फिरकत नव्हते, थेही येऊन राह्यले, चिठ्ठीखाली काय हाय पाह्याले. रुखमीनं पुस्तक तानुबाईच्या दारात नेलं, लहान्यायले जमवलं, पान उन्हात धरलं, "हे पाहा, मावशी नाई, चेटकीण." गीतीनं स्वतः डोळा लावून पाह्यलं तवा कुठं बुढीच्या मांडीवर बसली. बुढी रडता रडता हसली. बोरं पुन्हा सुरू झाली.

मी म्हणलं, सुटलो. कुठचा सुटतो? काल बुवा आले, काखेत लाल फडक्यात गुंडाळेल पोथी. टोपी डोक्श्यावरच. हळूच म्हणे, "पंजाबराव, या पानाले माह्या आजानं चिठ्ठी लावेल हाय. रुखमी विचारते, आजोबा, खाली काय हाय? मी जलमभर थे पान उलटवलं, पण असं कधी मनात आलं नाई. आता रोज वाचन आडते तिथं."

दोघं अंगणात गेलो. पान उन्हात धरलं. खाली काय असंल? कसरीनं खाल्लेलं भोक होतं. बुवानं भोकावर बोट फिरवून पाह्यलं. रुखमी मधी घुसली, पाह्यलं, म्हणे, "आजोबा, इथली अक्षरं उडून गेली." अन् तुमाले सांगतो, बुवाले हसू फुटलं. मी म्हणलं, आता खोली पक्की.

खोली राहू देल्ली. जाता जाता म्हणे, "पोट्टीले वाचाची गोडी लागली, वाचू द्या. फक्त दुसरं काईतरी द्या, ज्याच्यात उडणं-बिडणं नाई."

तवापासून पेटी उपसून राह्यलो मी. भूगोलात उडतं इमान निघालं, शेतकीच्या पुस्तकात टोळ निघाले. शेवटी सरकारी 'कोंबडीपालन' हाती लागलं, म्हणलं हे बिनधोक… उघडलं तं पयल्याच पानावर कोंबडी कुंपणावरून उडून राह्यली. खळ पुन्हा चुलीवर ठेवली हाय.