रुमालातले खडे

पुरवणी जबाब. दिनांक १५/१२/२०२४, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

नाव धाकू शिवराम मढवी, वय ६७ वर्षे, धंदा पूर्वी शेती, आता काही नाही. राहणार मौजे करवलपाडा, टॉवरची बी विंग, सहावा मजला, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. काल दुपारी याच टेबलावर मी एक जबाब दिला. त्यात 'माळावरचे सशाचे फासे कोणाचे ते मला माहीत नाही, राखणदाराला विचारा' असे सांगितले होते. ते खोटे आहे. फासे मी लावले. माझ्या त्या एका वाक्यावरून राखणदार काळुराम वाघे याला तुम्ही काल संध्याकाळी आणून बसवला आहे. आत येताना मी त्याला बाकावर पाहिला. तो मला नमस्कार करून उभा राहिला.

मी राहतो तो टॉवर आमच्याच भातशेतावर उभा आहे. त्याच्या मागे आमचा दोन एकरांचा माळ शिल्लक आहे. तिथे एका बिल्डरने पाया घालून काम सोडून दिले. त्या पायाच्या कडेला काळुराम आणि त्याची बायको माया झोपडी करून नऊ वर्षे राहतात. माळावर कमरेएवढे गवत आहे आणि गवतात ससे आहेत.

माझा मुलगा धनेश, वय ३८, याचे ठाकुर्लीला रेती-सिमेंटचे दुकान आहे. शुक्रवारी त्याच्या मित्रांचे जेवण होते आणि त्यांना सशाचे मटण खायचे होते. त्याने मोबाइलवर बघून तीन दिवस माळावर तारा लावल्या. ससा काही मिळाला नाही. गुरुवारी, दिनांक १२ रोजी, दुपारी तो मला म्हणाला, "बाबा, ससा येतोय पन अडकत नाय. तारेला केस लागलेले दिसतात. तुमी एकदा बगा ना." ससा मारणे गुन्हा आहे हे मला माहीत आहे. तरी मी गेलो. वीस वर्षांत या घरात मला कोणी काही विचारले नव्हते.

त्याचे फासे पाहून मला हसू आले. तार नवी, चकचकीत, लांबूनच दिसणारी. फासा जमिनीला टेकलेला, म्हणजे ससा पाय ठेवून पुढे जाणार. बांधला होता हिरव्या डहाळीला, ती वाकते आणि ससा सुटतो. मुख्य म्हणजे, फासा आवळला तरी परत सैल होत होता. हे सगळे मी दुरुस्त केले. तार राख आणि चिखल लावून काळी केली. फासा मुठीएवढा ठेवला आणि जमिनीपासून चार बोटे वर घेतला. बुंधे पक्के निवडले. रिक्षाच्या क्लचची तार घेऊन तिला माझ्या वडिलांचा पीळ घातला. त्या पिळाने फासा पुढेच सरकतो, मागे येत नाही. जितके ओढावे तितका आवळतो. असा पीळ आमच्या गावात आता फक्त मला येतो. हे मी त्या दिवशी धनेशला दोनदा सांगितले.

आमच्या घराण्यात फाशांचे दोन नियम आहेत, पिळाबरोबर ते काळुरामलाही मी पूर्वी कौतुकाने सांगितले आहेत. ज्याने लावले त्यानेच सकाळी उचलायचे, दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही. आणि किती लावले तो आकडा तोंडातून काढायचा नाही, काढला तर ससा येत नाही. म्हणून एक फासा लावला की एक खडा खिशात टाकायचा. उचलताना एकेक खडा फेकायचा. खिसा रिकामा झाला की घरी यायचे. माझ्या वडिलांचा फासा कधी मागे राहिला नाही. माझाही नाही.

शुक्रवारी पहाटे माझा गुडघा धरला. घरातून लिफ्टपर्यंतही चालवेना. मी खडे रुमालात बांधून धनेशच्या हातात दिले आणि म्हणालो, "हे घे आणि उचलून ये." आकडा सांगितला नाही. खडे कशाला आहेत तेही सांगितले नाही, कारण माझ्या डोक्यात ते सांगायची गोष्टच नव्हती. आमच्यात पोरासोरांनाही माहीत असायचे. धनेशला माहीत नव्हते.

सात वाजता तो तारा घेऊन आला. सगळ्या रिकाम्या. म्हणाला, "बाबा, तुमचा जमाना गेला. मी कोंबडी सांगून टाकतो." मला राग आला. मी तारांकडे पाहिले नाही, रुमाल परत मागितला नाही, दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. त्याने तारा बाल्कनीत खिळ्याला अडकवल्या.

शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास माया, वय ३४, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन पायवाटेने येत होती. मोळीमुळे तिला पायाखालचे दिसत नव्हते. तिचा डावा चवडा फाशात गेला आणि ती बिल्डरने घातलेल्या पायाच्या काँक्रीटवर डोक्यावर पडली. काळुराम दूध आणायला गेला होता. ती तिथे पाऊण तास होती. मधे केव्हातरी शुद्धीवर येऊन तिने पाय ओढला असावा, कारण तार हाडापर्यंत गेली होती. धनेशने लावलेली तार असती तर पाय सहज निघाला असता. मी दुरुस्त केली होती.

तिला धनेशच्याच टेम्पोतून ठाण्याला नेले. माझी बायको जया तिचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. माजिवड्याला गाडी अडकली तेव्हा माया पाणी मागत होती. त्यानंतर ती आजपर्यंत बोललेली नाही.

काल रात्री मी घरी जेवायला बसलो. जयाने ताट वाढले आणि ती समोर उभी राहिली. म्हणाली, "टेम्पोन तिचा पाय माझेच हातान होता. तो पील तुमचा हाय, मी वलखला. आता घास कसा उतरतं तुमचे गल्यान?" धनेश मधे पडला. "आई, तू गप बस. मी वकील देतो, काळू दोन दिवसांत सुटेल. बाबांचं नाव कशाला घ्यायचं?" मी ताटावरून उठलो. मी काही भला माणूस म्हणून उठलो नाही. जयाने माझ्याकडे इतक्या वर्षांत असे कधी पाहिले नव्हते, म्हणून उठलो.

आज सकाळी मी धनेशला रुमालाबद्दल विचारले. तो म्हणाला, "ते खडे? मला वाटलं देवाचे हायत. गाडीत पुढे ठेवलेत." गाठ सोडलेलीही नव्हती. तो रुमाल मी आणला आहे व हवालदार वैशाली मॅडमच्या टेबलावर ठेवला आहे.

मॅडमनी गाठ सोडून खडे ओळीने मांडले आणि मोठ्याने मोजले. मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. सात भरले. त्यांनी विचारले, धनेशने तारा किती आणल्या? मी सांगितले, बाल्कनीत पाच आहेत. त्या म्हणाल्या, "पाच, आणि बाईंच्या पायातली एक. मग सातवी कुठे आहे, काका?"

ती माळावरच राहिली आहे. काल दुपारपासून टॉवरमधली माणसे माया पडली ती जागा बघायला माळावर येत आहेत. येताना मुलांना बरोबर आणतात. मुले गवतात पळतात. हे मी काल संध्याकाळी खिडकीतून पाहत होतो.

इथे जबाब थांबवला. वेळ १०.३५.

वेळ १२.२०, जबाब पुढे चालू. आम्ही जीपने माळावर गेलो. काळुरामला सोबत घेतले होते. माणसे हटवली. मला करवंदाची जाळी आठवत होती, कोणती ते आठवत नव्हते. पोलीस गवतात शिरू लागले तेव्हा काळुराम म्हणाला, "साहेब, कोणी आत येऊ नका. मी जातो." तो काठीने गवत बाजूला करत एकटा गेला. दहा मिनिटांनी त्याने हात वर केला.

फाशात ससा होता. मरून दोन दिवस झाले असावेत, मुंग्या लागल्या होत्या. धनेशला दिसलेलाच नसणार. तार गळ्यात बरोबर बसली होती, चार बोटांवर. माझी दुरुस्ती अचूक होती. ते पाहून क्षणभर मला बरे वाटले, हेही मी लिहून घ्यायला सांगतो.

काळुरामने ससा सोडवला, तार पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "बाबा, तुमची हाय." मी विचारले, तुला कधी कळले? तो म्हणाला, "मायाच्या पायातली तार बुंध्यापासनं तोडली तवाच." मी विचारले, मग काल रात्रभर बाकावर बसलास, बोलला का नाहीस?

तो म्हणाला, "ज्यानं लावला त्यानं उचलायचा ना. तुमी याल म्हणून बसलो."

काळुरामला तिथूनच ठाण्याला इस्पितळात पाठवले आहे. सातवी तार मी मॅडमकडे जमा केली आहे. खड्यांचा आकडा मॅडमनी मोजला होता, मी तोंडाने सांगितला नव्हता. तो आता सांगतो. सात.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. खाली सही माझी आहे.

धाकू शिवराम मढवी